मेंढरांच्या आंघोळीचा दिवस

बाजारात नवे पैसे आले त्या सालची ही गोष्ट. एका आण्याचे नवे पैसे सहा का सव्वासहा, यावर शिनोलीच्या पारावर मोठी माणसं घसा फुटेस्तोवर भांडत होती. पोरांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. पोरं बोटांवर दिवस मोजत होती ते मेंढरांच्या आंघोळीचे.

आता कुणी म्हणेल, मेंढरं धुवायची यात कसली आलीय मजा? म्हणणाऱ्यानं एकदा वैशाखात घोडनदीच्या डोहावर यायला हवं होतं. शहरातली माणसं उन्हाळ्यात थंड हवा खायला कुठंकुठं जातात म्हणे, पदरमोड करून. बहिरू धनगराच्या कुळातल्या पोरांना थंड हवा फुकट होती आणि वर आंबे होते.

वैशाखात मेंढरं कातरायची आणि कातरायच्या आदल्या दिवशी ती धुवायची, कारण मळकी लोकर घोंगडीवाला हातात धरत नाही. झुंजूमुंजू झालं की दोन बैलगाड्या जुंपायच्या. गाडीत भाकरीची पाटी, खर्डा, कांदे, आढीतले आंबे, आणि वरून पोरं, मावतील तितकी आणि न मावतील तीही. पुढं ऐंशी मेंढरं. डोहावर मोठी माणसं छातीभर पाण्यात रांगेनं उभी राहायची आणि पोहत येईल त्या मेंढराची लोकर चोळून त्याला पुढं ढकलायची. पोरांचं काम एकच, डुंबायचं. पोहता येत नाही त्याच्या कमरेला सुका भोपळा बांधायचा आणि दिला लोटून. दुपारी आंब्याखाली जेवण, मग कोयांची फेकाफेक, मग भांडणं, रडारड, आणि पुन्हा पाणी. वर्षात एवढा एकच दिवस असा, की कुणी पोराला ‘हे आण, ते ठेव’ म्हणत नसे.

आणि या दिवसाला एक मान होता. कळपाच्या पुढं चालणारा मेंढा, तो म्होरक्या. तो पाण्यात शिरला तरच बाकीची मेंढरं शिरतात. तो नाही शिरला तर तुम्ही पाठ सोलून काढा, एक खूर पुढं पडायचा नाही. जे पोर म्होरक्याच्या पुढं पोहत जाऊन त्याला पैलतीराला नेईल, त्याच्या गळ्यात म्होरक्याची पितळी घंटी बांधायची. दिवसभर त्यानं ती मिरवायची आणि आढीतला पहिला आंबा त्यानंच खायचा.

त्या साली घंटी ठमीची होती. होती म्हणजे, सगळी पोरं तसं धरूनच चालली होती. ठमी म्हणजे बहिरू आणि तुकाबाईची थोरली, अकरा वर्षांची, हातापायांच्या नुसत्या काड्या. दोन सालांमागं भीमाशंकराच्या अंगाला कळप चरत असताना बिबट्यानं एक मेंढी नेली आणि मागं चार दिवसांचं कोकरू राहिलं, कपाळावर पांढरा टिक्का असलेलं. ठमीनं त्याला शेळीच्या दुधात चिंधी भिजवून चोखायला दिली आणि जगवलं. तोच हा टिक्या. माघात जुना म्होरक्या म्हातारपणानं गेला आणि घंटी टिक्याच्या गळ्यात आली. टिक्या कळपाचा पुढारी झाला खरा, पण तो स्वतः ऐकायचा एकट्या ठमीचं.

आता नाट कुठं लागला ते ऐका.

बहिरूचा थोरला भाऊ सावळेराम. त्याला अख्खं गाव आबा म्हणायचं. आबा ग्रामपंचायतीचा मेंबर झाला तेव्हापासून धोतराला नीळ घालू लागला होता, आणि मेंढरांजवळ गेला की त्याला शिंका येऊ लागल्या होत्या. अर्धी मेंढरं त्याचीच होती, पण शिंकेला कोण काय करणार! आंघोळीला चार दिवस उरले असताना आबानं ओट्यावर बसून फर्मान काढलं.

“औंदा आंघोळीला पावणं येणार हायेत. घोडेगावचं भिमाजी आन् त्यांची कारभारीण कोंडाबाई. त्यांच्या पोरासाठी आपली ठमी बघायची. पसंत पडली तर तितंच आंब्याखाली सुपारी फोडायची. लगीन दोन-तीन सालांनी, पर शबुद आत्ताच. सरकारी नोकरीतलं घर हाय. परत असं ठिकाण मिळायचं न्हाई.”

बहिरूनं मान डोलावली. बहिरू गरीब माणूस, दुसऱ्यानं ‘वारा सुटलाय’ म्हटलं तरी मान डोलवायचा.

“आन् दुसरं,” आबा म्हणाला. “पोरींनी औंदा पान्यात पाय घालायचा न्हाई. ठमीनं तर न्हाईच, पर आपल्या घरातल्या कुनीच. पावण्यांत बरं दिसत न्हाई. आपुन काय आता मेंढरांमागं पालं ठोकत हिंडनारी मानसं ऱ्हायलो न्हाई.”

तुकाबाई आत चुलीपाशी होती. थोरल्या दिरापुढं तोंड उघडायची त्या घरात रीत नव्हती. पण तिची तव्यावरची भाकरी करपली आणि तिला कळलंसुद्धा नाही. पदर सारखा करत ती दाराशी येऊन उभी राहिली.

“आबा, टिक्या ठमीबिगर पान्यात जायचा न्हाई.”

“मेंढरू ते मेंढरू! ते म्हनंल तसं मानसानं वागायचं व्हय? मी ल्हानपनापास्नं मेंढरं वळलोय.”

“वळली व्हती, आबा. त्याला ईस वरसं झाली.”

आबाची बायको झुंबरबाई शेजारी तांदूळ निवडत होती, तिनं सूप तोंडापुढं धरलं. ती हसत होती की घाबरली होती, हे काही दिसलं नाही. आबानं एवढंच म्हटलं, “बहिऱ्या, तुझ्या बायकूला घरात बोलीव.” बहिरूनं मान डोलावली, पण बोलावलं नाही.

तुकाबाईला राग कशाचा आला होता, ते तिचं तिलाच ठाऊक होतं. तिचं माहेर जुन्नरच्या अंगाला, कुकडीच्या काठी. तिच्या बापाचीही मेंढरं आणि त्यांचाही असाच एक डोह. तुकी बारा वर्षांची असताना अशाच आंघोळीच्या दिवशी डोहाच्या मध्यावर होती, म्होरक्याच्या पुढं, आणि काठावर पाहुणे येऊन बसले. चुलत्यानं पाण्यात उतरून तिला वेणीला धरून बाहेर ओढलं. “आता तू दुसऱ्याची झालीस. कळत न्हाई का?” अंगावरून पाणी ठिबकत असताना तिच्या कपाळाला कुंकू लागलं. घंटी त्या साली कुणाला मिळाली, हेही तिला कधी कळलं नाही. त्यानंतर एकोणीस उन्हाळे ती या डोहावर येत होती. सगळी पाण्यात असायची, आणि तुकाबाई भाकरीची पाटी डोक्यावर, नाहीतर कमरेवर घेऊन काठावर. पाटी खाली ठेवली तर कुत्री तोंड घालतात ना!

दोन दिवसांनी शेळीचं दूध काढताना ठमीनं विचारलं, “आये, मंग माझी घंटी?”

“तुला लगीन करायचंय का?”

“लगीन दोन सालांनी हाय. घंटी परवा हाय,” ठमी म्हणाली. हिशेब अगदी चोख होता. तुकाबाईला हसू आलं.

आंघोळीचा दिवस उजाडला. गाड्या निघाल्या. गाडीतले पोरगे आरडाओरडा करत होते आणि पोरी तोंडं पाडून बसल्या होत्या. झुंबरबाईच्या दोघी तर रस्ताभर मुसमुसत होत्या. ठमीला आबाच्या हुकमावरून लुगडं नेसवलं होतं, हिरवंगार, झुंबरबाईचं, चार जागी खोचून आखूड केलेलं. गळ्यात वजरटीक, कपाळाला आडवं कुंकू. बोळक्यात घातलेल्या मांजरासारखी पोर आवळून गेली होती. टिक्या मात्र घंटी वाजवत गाडीच्या चाकाला लागून चालत होता आणि मधेच मान वर करून ठमीकडं बघून बँऽ करत होता.

पाहुणे आधीच येऊन आंब्याखाली घोंगडीवर बसले होते. भिमाजी डोक्याला फेटा बांधून, पान चघळत. कोंडाबाई जाडजूड, नाकात मोठी नथ, आणि डोळे असे की माणसाला उलटंपालटं करून बघतील. तिनं ठमीला पुढ्यात बसवली, हात बघितले, दात बघितले.

“रांधता येतं का?”

“भाकरी येती. जरा वाकडी व्हती.”

“बरं. आन् वळन कसं हाय? हुंदडायची सवं न्हाई ना?”

ठमीनं तिच्याकडं सरळ बघितलं आणि उलट विचारलं, “तुमच्याकडं मेंढरांच्या आंघोळीला बाया पान्यात जात्यात का?”

“आमच्याकडं मेंढरंच न्हाईत आता. इकून टाकली समदी,” कोंडाबाई मोठ्या मानानं म्हणाली. “आमच्या बाया नदीवर आल्या तर काठावर बसत्यात.”

“समदा येळ?”

“मंग काय! काठावर बसाय काय पैसं पडत्यात?”

ठमीनं आईकडं पाहिलं. पाटी कमरेवर घेऊन तुकाबाई काठावर उभी होती, नेहमीच्या जागी. पोर आपल्याकडं आत्ता पहिल्यांदा नीट बघतेय, असं तुकाबाईला वाटलं, आणि तिला त्या पाटीची लाज वाटली. भाकरीची लाज वाटावी असा दिवस तिच्या आयुष्यात आजवर आला नव्हता.

तिकडं पुरुष पाण्यात उतरून रांग करून उभे राहिले. आबाही पाहुण्यांसमोर मर्दुमकी दाखवायला धोतर वर खोचून काठाशी आला. टिक्याला पाण्याशी नेलं. टिक्यानं पाण्याचा वास घेतला, मान फिरवली आणि आंब्याकडं बघून बँऽ केलं. बहिरूनं चुचकारलं. बँऽ. आबाच्या धाकट्या पोरानं मीठ दाखवलं. टिक्यानं मीठ चाटून पुसून खाल्लं, आणि पुन्हा बँऽ. मागं एकोणऐंशी मेंढरं, सगळी एका सुरात बँऽ. पाण्यातले पुरुष उभ्या उभ्या गार पडले.

“दादा, पोरीला बोलवूया का?” बहिरू हळूच म्हणाला.

“गप! येवढ्याशा मेंढरापुढं हार खायाची व्हय?” आबा म्हणाला, आणि त्यानं दोन्ही हातांनी टिक्याची शिंगं धरली.

आता हे धनगराच्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं, की म्होरक्याला कधी ओढून पाण्यात घालायचं नाही. तो घाबरला की कळप घाबरतो, आणि घाबरलेला कळप म्हणजे फुटलेला बांध. बापानं आबाला हे लहानपणी कान पिळून शिकवलं असणार. पण निळीच्या धोतराबरोबर ते धुऊन गेलं असावं. पाण्यातला बहिरू “दादा, ओढू नगं, ओढू नगं!” म्हणून ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा तो भावावर ओरडला असेल, पण वेळ निघून गेली होती. आबानं हिसका दिला. टिक्याचे पाय शेवाळावर सटकले, तो डोक्यासकट पाण्यात गेला, नाकातोंडात पाणी गेलं, आणि उसळून जो बाहेर आला तो आबाच्या पोटावर ढुशी देऊनच. आबा चिखलात पालथा. टिक्या वरच्या अंगाला पळाला आणि त्याच्यामागं सगळा कळप, जिकडं वाट फुटेल तिकडं.

वाट फुटली ती नेमकी सत्तारभाईच्या कलिंगडांत. सत्तारभाई मूळचा जुन्नरचा. नदीचं पाणी ओसरलं की वाळूत वाफे करून दर उन्हाळ्याला कलिंगडं लावायचा. तो खोपटातून बाहेर आला आणि त्यानं कपाळाला हात लावला.

“अरे आबा, वाळूत पानी घालून घालून माझी कंबर मोडली, आन् तुमी हितं जत्रा भरवली व्हय!”

पोरं पळाली, बाया पळाल्या, अर्धा प्रहर नुसता धुरळा. मेंढरं गोळा झाली तोवर सूर्य डोक्यावर आला होता. कातरणारे दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. त्याआधी मेंढरं धुऊन, उन्हात वाळून तयार पाहिजेत. आणखी दोन घटका अशाच गेल्या तर लोकर ओली राहणार आणि सालाची कातरणी बोंबलणार. कळप काठापासून हातभर दूर थांबून पाण्याकडं असा बघत होता की जणू त्यात बिबट्याच बसलाय.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. आबा आला तुकाबाईकडं. पाय काही धरले नाहीत त्यानं, मेंबर होता ना. चिखलानं माखलेल्या मिशा पुसत म्हणाला, “पोरीला म्हनावं, काठावरनं हाक मार.”

तुकाबाईनं ठमीला खूण केली. ठमी आंब्याखालून उठली आणि लुगडं सावरत काठाशी आली. “टिक्याऽ!” टिक्या कान टवकारून धावत आला. आला तो थेट तिच्यापाशी, काठावर. तिच्या लुगड्यात तोंड खुपसून उभा राहिला. पाण्याकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. पाण्यातली माणसं फिदीफिदी हसली, सत्तारभाईसुद्धा हसला.

आबानं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. “ऐक. मी पावण्यांना तिकडं वरच्या देवळात दर्शनाला घिऊन जातो. घटकाभर लागंल. तवर पोरीला गुपचूप पान्यात घाल. मेंढरं धुऊन घ्या. आमी यायच्या आत तिचं लुगडं बदलून, केस पुसून बशीव. कुनाला कळायचं न्हाई.”

खरं सांगायचं तर सौदा वाईट नव्हता. मेंढरं धुतली जाणार होती, घंटीही मिळाली असती, सुपारीही फुटली असती. बहिरूनं मान डोलवायला सुरुवात केलीच होती. तुकाबाईनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं आणि त्याची मान मधेच थांबली.

“न्हाई,” तुकाबाई म्हणाली.

“काय न्हाई?”

“चोरून न्हाई. माझी पोरगी काय कुनाची कोंबडी चोरतीया का? उतरंल तर समद्यांच्या देखत उतरंल. पावण्यांच्या बी. आन् येकटी न्हाई, झुंबरवैनींच्या दोघी बी, आन् ज्या पोरीला वाटंल ती परत्येक.”

“अगं, सोयरीक मोडंल!”

“मोडंल.”

“तुला काय वाटत न्हाई?”

“लई वाटतं. पर आज चोरून उतरली तर जलमभर चोरूनच उतरावं लागंल. न्हाईतर काठावर पाटी घिऊन हुबं ऱ्हावं लागंल. मी ऱ्हायले की. कसं लागतं ते मला इचारा. कुनी कदी इचारलंत?”

ती हे हळू बोललीच नव्हती. आंब्याखाली भिमाजीचं पान चघळणं थांबलं होतं. झुंबरबाई खाली बघत होती. आबाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण ऐंशी मेंढरं मागं उभी होती आणि ऊन चढत होतं. त्याच्या हातात काही राहिलं नव्हतं.

तुकाबाई ठमीकडं वळली. “ठमे, पान्यात गेलीस तर ही सोयरीक गेली. सरकारी नोकरीचं घर हाय. फुडं कुनी मला इचारलं, का गं मोडलीस, तर मी माझं नाव सांगीन. तुझं न्हाई. आता बोल.”

ठमीनं गळ्यातली वजरटीक काढून आईच्या हातात दिली, लुगडं काठावरच सोडलं, आत परकर-पोलकं होतंच. कार्टी घरूनच तयारीनं आली होती! टिक्याचा कान धरून त्याला हळूच काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते तिला आणि त्यालाच माहीत. मग ती पाण्यात शिरली, गुडघ्याएवढ्या, कमरेएवढ्या, मागं वळून न बघता. टिक्या काठावर थरथरत उभा राहिला. मघाचं पाणी त्याच्या नाकात अजून होतं. ठमी छातीभर पाण्यात थांबली आणि तिनं नुसता हात मागं केला, रिकामा, मीठही नाही. टिक्यानं एकदा बँऽ केलं आणि उडी घेतली.

“शिरला गंऽ शिरला!” पोरी ओरडल्या. टिक्यामागं एक मेंढी, मग दोन, मग सगळ्यांची झुंबड. पुढं ठमीचं ओलं डोकं, तिच्यामागं पांढरा टिक्का, आणि मागं सबंध डोहभर लोकर. बहिरू रांगेत उभा राहून येईल त्या मेंढराला चोळत होता आणि मोठमोठ्यानं हसत होता, कशाला ते त्यालाही ठाऊक नसावं. ठमी पैलतीरी चढली, टिक्यानं अंग झाडून तिला पुन्हा भिजवलं, आणि तिनं त्याच्या गळ्यातली घंटी सोडून स्वतःच्या गळ्यात बांधली. कुणी बांधायची वाट बघितली नाही.

तेवढ्यात काठावर काय झालं? झुंबरबाईनं आपल्या दोघी पोरींच्या पाठीत एकेक धपाटा घातला. “बघत काय बसलाय, भवान्यांनो? भोपळं बांधा!” नवरा डोळे वटारून बघत असताना तिनं हे म्हटलं. मग काय विचारता! पोरं, पोरी, भोपळे, सगळी कालवाकालव. सत्तारभाईनं मेंढरांनी तुडवून फुटलेली कलिंगडं पाण्यात फेकायला सुरुवात केली. “खावा आता, फुटलीच हायेत तर!” पोरं पाण्यावर तरंगणारी लालबुंद फोड दातांनीच पकडत होती. असा दिवस त्या डोहानं आजवर पाहिला नव्हता.

कोंडाबाई उठली. तिनं डोहाकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, मग पदर खांद्यावर ओढून घेतला.

“सावळेरामभाऊ, आमी सुपारी फोडत न्हाई. अशी पोरगी आमच्या घरात चालायची न्हाई. सोयरीक मोडली म्हनून समजा.”

आबानं तोंड उघडलं, पण तुकाबाईचा आवाज आधी आला.

“समजलं, वैनी. राग न्हाई. पर उपाशी जाऊ नगासा. भाकरी हाय, खर्डा हाय, आंबं हायेत. सोयरीक मोडली म्हनून कुनी पावण्याला बिनजेवनाचं लावून देत न्हाई.”

कोंडाबाईला हे अपेक्षित नव्हतं. रडारड होईल, पाया पडणं होईल, असं ती धरून चालली होती. भिमाजीनं भाकरीच्या पाटीकडं बघितलं आणि तो खाली बसला. तांबडं फुटायच्या आत निघालेला माणूस, त्याला भूक लागली होती. मग कोंडाबाईलाही बसावं लागलं.

आबा मात्र पेटला होता. जेवण वाढून तुकाबाई मागं वळली तसा तो पुढ्यात येऊन उभा राहिला. “केलंस मनासारखं? कापलंस नाक? आता ठेव पोरीला डोहात जलमभर! कोन करनार तिला? आन् लोकांनी इचारलं तर मी काय सांगू? बोल की! मघाशी लई जीभ चालत व्हती!”

तुकाबाईनं उरलेल्या भाकरीची पाटी उचलली, आबाच्या दोन्ही हातांत ठेवली आणि म्हणाली, “धरा.”

“हे काय?”

“धरा म्हनते. एकोनीस वरसं मी धरली. खाली ठिवू नगासा, कुत्री तोंड घालत्यात.”

आणि तिनं लुगड्याचा कासोटा घट्ट केला, पदर कमरेला खोचला आणि काठ उतरली. पहिलं पाऊल पडलं तेव्हा पाणी इतकं गार लागलं की तिच्या तोंडून “आई गं!” निघून गेलं. बहिरूनं वळून पाहिलं आणि त्याच्या हातातलं मेंढरू सुटलं. तुकाबाई कमरेपर्यंत आली, छातीपर्यंत आली. हातपाय विसरले असतील अशी तिला भीती वाटत होती. पण ते काही विसरले नव्हते. पैलतीरावरून ठमी घंटी वाजवत बोंबलत होती, “आये, हिकडं! आये, हिकडं ये!” तुकाबाई कुकडीच्या डोहात जिथं थांबली होती तिथून पुढं पोहायला लागली.

काठावर आबा पाटी धरून उभा होता. ठेवावी तर कुत्री, आणि कुणाच्या हातात द्यावी तर घरची सगळी पाण्यात. शेवटी ओला टिक्या डोह ओलांडून परत आला, त्याच्यासमोर येऊन उभा राहिला आणि पाटीतली वरची भाकरी ओढून खाऊ लागला. आबानं त्याला हाकललं नाही, कारण त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते.